कुपीतलं उट्टं

४ जानेवारी

ती. ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता छापखान्यातल्या एका मैत्रिणीकडून लिहून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. फोनच करणार होते, पण तुझ्या कारखान्यातला फोन मॅनेजरच्या टेबलावर असतो आणि त्यावर तू फक्त 'हं' म्हणतेस.

बाबा गेले तेव्हा आपण शेवटच्या भेटलो. तेव्हाही तू माझ्याशी बोलली नाहीस, माझ्या चपलांशी बोललीस. 'दारातून बाजूला व्हा' म्हणालीस त्यांना. तुझा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. अजून मुद्रितं तपासते. डोळे गेले पण नोकरी राहिली.

आता कामाचं. ह्यांच्यामागे विद्यापीठाने चौकशी लावली आहे. ज्या शोधावर ह्यांचं नाव झालं, तोच आता अंगाशी आलाय. पेशी दोन होण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते, त्यात चुका झाल्या तर थांबून त्या दुरुस्त करून घेते, असं काहीसं मला कळलंय. दोन परक्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यांची पेशी काही थांबेना. आता सगळे म्हणतात, आकडे घरी बसून लिहिले. समिती नेमली आहे. खोटं ठरलं तर नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, आणि नाव तर आधीच निम्मं गेलंय.

ज्या यीस्टवर तो प्रयोग केला, ते ह्यांच्याकडचं आता बिघडलंय म्हणे. दाखवायला काही उरलं नाही. परवा जेवताना म्हणाले, 'मूळ कुपी तुझ्या बहिणीकडे असू शकते.' एवढंच म्हणाले आणि बाल्कनीत गेले.

असेल तर पाठवशील का? ह्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी.

तुझी,
धाकटी


११ जानेवारी

धाकटे,

आशीर्वादाचं पुढच्या पत्रात बघू. आधी उत्तर. कुपी आहे. आमच्या कारखान्याच्या डीप फ्रीझरमध्ये, पावाच्या यीस्टच्या कुप्यांच्या मागे, माझ्या हाताने ठेवलेली. आणि देणार नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा चहा करून घेऊन, खुर्ची उन्हात ओढून, सावकाश. मला किती आनंद झाला ते लपवत नाही. ह्या बातमीची मी वाट पाहत होते आणि ती तूच मला कळवलीस, हे तर दुधात साखर.

तुला काय कळलंय ते तू लिहिलंस. आता काय कळलं नाही ते ऐक. तुझ्याच धंद्याच्या भाषेत सांगते. डीएनए म्हणजे पीळ घातलेली शिडी. पेशीला एकाच्या दोन व्हायचं असतं तेव्हा आधी ही शिडी मधोमध उसवते. उसवलेल्या दोन्ही बाजूंवर एकेक यंत्र समोरची अक्षरं जुळवत जातं. कोणासमोर कोण बसणार हे ठरलेलं असतं, त्यामुळे एका शिडीच्या हुबेहूब दोन होतात, प्रत्येकीची एक बाजू जुनी आणि एक नवी. हे यंत्र जुळारी आहे आणि मुद्रितशोधकही. अक्षर चुकलं की एक पाऊल मागे येतं, चुकलेलं उपटतं, बरोबर लावतं. त्यातूनही निसटलेल्या चुका मागून येणारा दुसरा वाचक काढतो. हे सगळं आटोपल्यावरच पेशीने दोन व्हायचं.

मी यीस्टची अशी एक जात शोधून काढली होती की जिच्यातला पहिला वाचक आंधळा होता. सगळे म्हणाले, चुकांचा डोंगर होईल आणि मरेल. ती मेली नाही. थांबली. नक्कल झाली, अंगावर मोठी कळी फुटली, म्हणजे होऊ घातलेली दुसरी पेशी, पण कळी सुटेना. दुसऱ्या वाचकाचं काम होईपर्यंत ती तशीच खोळंबली. सूक्ष्मदर्शकाखाली मी ते पाहिलं तेव्हा खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे बगळा होता.

बगळा कोण ते तुला ठाऊक नसेल. तुझ्या नवऱ्याला आम्ही प्रयोगशाळेत बगळा म्हणायचो. दुसऱ्याच्या खांद्यामागे एका पायावर उभा राहायचा, मासा दिसेपर्यंत.

पुढच्याच आठवड्यात आई आजारी पडली आणि मी घरी आले. यीस्ट वाढवायच्या माझ्या ताटल्या त्याच्या स्वाधीन करून आले. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या. परत गेले तेव्हा माझ्या ताटल्यांवर बुरशी होती आणि त्या शोधाचा निबंध त्याच्या एकट्याच्या नावाने छापायला गेला होता. आमचे प्रयोगशाळेचे म्हातारे सर म्हणाले, 'तू नव्हतीस ना इथे.' आईची बेडपॅन धूत होते सर, असं मी म्हणाले नाही. आज वाटतं, म्हणायला हवं होतं.

त्याला सांग, मी मजेत आहे.

ताई


२० जानेवारी

ती. ताई,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर छापखान्यात चुका सोडल्या. जुळारी विचारत होता, बाई, बरं नाही का.

तू गृहीत धरलंयस की मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसून संसार केला. मला माहीत नव्हतं. आईच्या आजारपणात तुझं मन कामावरून उडालं, तुझ्या सगळ्या ताटल्यांना बुरशी आली आणि तू आपणहून सोडलंस, असं ह्यांनी मला सांगितलं होतं. मी ते खरं धरलं. तू तेव्हा कोणाशी बोलतच नव्हतीस, मग मला वाटलं की लाजेने बोलत नसशील.

काल तुझं पत्र मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. वाचून झालं तरी मान वर होईना. मी म्हटलं, 'खरं आहे का?'

म्हणाले, 'बुरशी आली होती हे खरं आहे.'

'बाकीचं?'

तर उठून झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना सकाळीच घातलं होतं. कुंड्यांतून पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं, मग त्या बाई भांडायला वर आल्या, आणि मला आमचं भांडण बाजूला ठेवून त्यांची समजूत काढावी लागली.

ताई, मी त्यांची बाजू घेत नाही. पण एक समजत नाही. त्यांनी चोरलं असेल, पण चोरलेली वस्तू खरी होती ना? मग लोकांना तोच प्रयोग करून दिसत का नाही? आणि त्यांच्याकडचं बिघडलं कसं? मला नीट सांग. मला ह्यांना विचारायचं नाही, तुला विचारायचं आहे.

ते हल्ली दाढी करत नाहीत. हे तुझ्या आनंदासाठी लिहीत नाही, पण तुला होईल हे माहीत आहे.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

झाला. दाढीचं पुन्हा लिहिलंस तरी चालेल.

तुला माहीत नव्हतं, हे मी मानते. पण विचारलंही नाहीस. ताटल्या ठीक आहेत असा निरोप द्यायला तो आपल्या घरी यायचा, आठवतं? मी आईच्या खोलीत असायचे आणि बाहेर तुमचं हसणं ऐकू यायचं. माझ्याकडून त्याने दोन गोष्टी नेल्या. एक चोरून नेली, दुसरी स्वखुशीने गेली. मला दोन्हीचा सारखाच राग आला, आणि तो अजून तसाच आहे, जराही शिळा झालेला नाही.

आता तुझे प्रश्न. दोन्हींची उत्तरं इतकी गोड आहेत की मी ती कधीपासून मनात घोळवते आहे.

लोकांना दिसत का नाही? आमच्या म्हाताऱ्या सरांची एक पद्धत होती. प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ते यीस्टची एक वेगळी जात देत आणि सांगत, ही तुझी, मरेपर्यंत. प्रत्येकाच्या यीस्टला वेगळे डोहाळे. एकाला हे खाद्य नसलं तर वाढत नाही, दुसऱ्याला ते. कोणाच्या ताटल्या कोणात मिसळल्या तर उपाशी ठेवून ओळखायचं. माझं यीस्ट उपाशी राहिलं की तांबडं व्हायचं. बगळ्याचं पांढरं. आता बघ, त्याने माझी तांबडी जात उचलली, पण निबंधात लिहिलं की हे मी माझ्या पांढऱ्या यीस्टमध्ये केलं. दुसरं काय लिहिणार? तांबडं लिहिलं असतं तर सरांनी कान धरला असता. त्या दोन्ही परक्या प्रयोगशाळांनी त्याचं पांढरं यीस्ट मागवलं आणि त्यातला पहिला वाचक आंधळा केला. ते काही थांबेना. कसं थांबेल? थांबायचा गुण माझ्या तांबड्याच्या रक्तात होता. पांढऱ्यात तो नव्हताच.

म्हणजे शोध खरा आणि पत्ता खोटा. आता समितीपुढे तो खरं बोलला तर चोर ठरतो, खोटं बोलत राहिला तर आकडे रचणारा ठरतो. इकडे आड, तिकडे विहीर. हे मी केलेलं नाही. त्याच्या एका खोट्या ओळीने केलं आहे.

बिघडलं कसं? ज्या यीस्टमधला मुद्रितशोधक आंधळा, ते टेबलावर ठेवून ताटलीतून ताटलीत उतरवत राहायचं नसतं. प्रत्येक नकलेत थोड्या चुका, नकलेच्या नकलेत आणखी थोड्या. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगायचे. पेशी गोठवून ठेवली की नक्कल करत नाही, म्हणून चुकतही नाही. काम निघालं की मूळ कुपीतून थोडं घ्यायचं आणि कुपी पुन्हा आत. पण फ्रीझरपर्यंत जायचा कंटाळा त्याला तेव्हाही होता. दुसऱ्याची ताटली हाताशी असली की पुरे. त्या यीस्टमध्ये आता इतक्या चुका झाल्या असतील की स्वतःच्या आईलाही ओळखणार नाही.

आमच्या कारखान्यात रोज गाडीभर यीस्ट निघतं, पण आजवर एकही घाणा आदल्या दिवशीच्या घाण्यातून लावलेला नाही. दर वेळी मूळ कुपी. एवढं साधं काम आहे.

तेव्हा तू माझ्याकडून कुपी मागू नकोस. मी काहीही न करता माझा सूड उगवतो आहे. मला फक्त बसून राहायचं आहे.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

ह्या वेळी तीर्थरूप लिहिलं नाही, चुकून नव्हे.

तुझं बरोबर आहे, ह्यांनी केलं ते वाईट आहे, आणि मी हे त्यांना तोंडावर सांगितलं आहे. कसं सांगितलं ते लिहीत नाही. खालच्या बाई परत वर आल्या होत्या, एवढं सांगितलं म्हणजे तुला अंदाज येईल.

पण तुलाही काही ऐकवायचं आहे. आईच्या उशाशी तू बसलीस, मी बसले नाही, हे तू प्रत्येक पत्रात वेगळ्या शब्दांत लिहितेस. मी नसते बसले का? तू बसू दिलंस का? मी भांडं हातात घेतलं की काढून घ्यायचीस. 'तुला जमायचं नाही.' मग मी बाहेरच्या खोलीत बसायचे आणि तिथे जो येईल त्याच्याशी हसायचे. इतकी वर्षं राग धरून बसलीस तू, आणि त्या फ्रीझरमध्ये कुपीबरोबर स्वतःलाही ठेवलंस. तुझ्या आयुष्यात त्यानंतर काय घडलं ते मला एका ओळीत सांग बघू. गुडघा दुखतो, हेच ना?

लिहून गेले. खोडणार नाही.

आता शेवटचं मागते. कुपी मला पाठव. ह्यांच्या नावाने नको, माझ्या नावाने. पुढचं माझ्यावर सोड. का, कशासाठी, हे विचारू नकोस, मी सांगू शकत नाही, शब्द दिला आहे. लहानपणी तू मला विहिरीत पोहायला सोडलंस तेव्हा कमरेचा दोर तुझ्या हातात होता आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. आता एकदा तू पाहू नकोस.

समिती १२ मार्चला बसते आहे.

धाकटी


२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात उधार राहिले होते ते वर दिले आहेत.

तुझं पत्र बरेच दिवस उशीखाली होतं. बोललीस ते लागलं, पण खोटं नव्हतं. भांडं मी काढून घ्यायचे. आता दोघी म्हाताऱ्या झालो, किती दिवस तोंड फिरवून बसायचं? त्याचं काय व्हायचं ते होवो, तुझं घर मोडायला नको.

कुपी पाठवते. आमच्या कारखान्याची गाडी तुमच्या गावच्या बेकऱ्यांना यीस्ट पोचवायला येते, तिच्या ड्रायव्हरजवळ बर्फाची पेटी देईन. तो छापखान्यात तुझ्या हातात देईल. काही गोष्टी नीट पाळायच्या. पेटी आल्याबरोबर विद्यापीठाच्या फ्रीझरमध्ये जायला हवी. झाकणावर मेण लावलं आहे, ते कोणीही फोडायचं नाही. एकदा वितळून पुन्हा गोठवली तर निम्म्या पेशी मरतात, म्हणून आधी चाखून बघू असला उद्योग त्याला करू देऊ नकोस. मेण थेट समितीसमोर फोडायचं, सगळ्यांच्या देखत ताटलीवर लावायचं. म्हणजे कोणाला शंका घ्यायला जागा राहणार नाही. गोठलेल्या कुपीत रंग कळत नाही, तेव्हा पांढरं दिसलं म्हणून घाबरू नका. तांबडेपणा वाढल्यावर येतो.

कुपीवरची चिठ्ठी जुनीच आहे, माझ्या अक्षरातली. असू दे. आता काय त्याचं.

दाढी कर म्हणावं त्याला, समितीपुढे जायचंय.

तुझी ताई


६ मार्च

ती. ताई,

पेटी मिळाली. ड्रायव्हरने सही घेतली आणि म्हणाला, 'तुमच्या ताईंनी सांगितलंय, पाडलीत तर तुमची आणि माझी दोघांची खैर नाही.' म्हणजे तू ठणठणीत आहेस.

मी स्वतः विद्यापीठात नेऊन दिली. मेण तसंच आहे. ह्यांनी कुपीवरचं तुझं अक्षर पाहिलं आणि खूप वेळ पेटीचं झाकण लावेनात. मग म्हणाले, 'तिने पाठवली?' मी म्हटलं, 'मला पाठवली.' मला रडू आलं, पण ते तुझ्यासाठी, त्यांच्यासाठी नाही.

बाराला झाल्यावर सगळं लिहीन. तोवर काही विचारू नकोस. तू विचारणार नाहीस, हे ठाऊक आहे. ह्या वेळी दोर माझ्या हातात आहे, ताई, आणि तू मागे वळून पाहिलं नाहीस.

तुझी,
धाकटी


१२ मार्च

धाकटे,

हे पत्र मी आज सकाळी लिहायला घेतलं आणि दुपारच्या टपालाने टाकणार आहे. तुझ्या हातात पडेल तेव्हा ताटल्या उगवलेल्या असतील.

आता उघड सांगते. त्या कुपीत माझं यीस्ट नाही. पावाचं आहे. कारखान्याच्या पिंपातून घेतलं, गोठवलं, जुन्या कुपीत भरलं, माझ्या अक्षरातली चिठ्ठी तशीच ठेवली आणि वरून मेण लावलं. पांढरं उगवेल, पांढरंच राहील. कशासाठी थांबणार नाही, धडाधड एकाचे दोन, दोनाचे चार होत सुटेल, कारण त्याला दुसरं काही येत नाही. सगळ्या समितीसमोर, मोठ्या तोऱ्यात मेण फोडून, प्रोफेसरसाहेब जगाला पाव फुगवायचं यीस्ट दाखवतील. आकडे रचणारा तर तो ठरेलच, वर लोक हसतील. मला त्याची नोकरी नको होती. मला ते हसणं हवं होतं.

तुला वाटलं, तू मला बोलून बोलून वितळवलंस. 'पुढचं माझ्यावर सोड', 'शब्द दिला आहे'. मी काय दूधखुळी आहे? दोघांनी बसून ठरवलं असणार, बहिणीकडून कुपी काढायची, गुपचूप शोध वाचवायचा, आणि पुन्हा माझं नाव नाहीच. विहिरीच्या दोराची गोष्ट काढलीस तेव्हा तर खात्री पटली. त्याने शिकवल्याशिवाय तू इतकं गोड लिहीत नाहीस.

खऱ्या कुप्या दोन होत्या. दोन्ही गेल्या. गाडी पेटी घेऊन निघाली त्याच दुपारी मी त्या ऑटोक्लेव्हमध्ये, आमच्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, घातल्या आणि दाब चढेपर्यंत समोर उभी राहिले. उद्या-परवा मन पाघळलं तर पाठवायला काही शिल्लक नको म्हणून. झाकण उघडलं तेव्हा आत राखाडी पाणी होतं. माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते. त्याच्या हातात जाण्यापेक्षा बरं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

तू विचारलं होतंस ना, त्यानंतर माझ्या आयुष्यात काय घडलं? हे घडलं. एका ओळीत बसतं.

तुला त्रास होईल, तो मी मोजला होता. तो मला चालला. कधी सोडून यावंसं वाटलं तर ये. माझ्याकडे जागा आहे. पण त्याच्याबद्दल एक शब्द ऐकणार नाही.

ताई


१२ मार्च, संध्याकाळ

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, आणि ह्या वेळी खरोखरचा.

आत्ताच घरी आलो. हे बाल्कनीत बसले आहेत, पण आज झाडांना पाणी घातलं नाही. चहा पितायत. मला वाटलं, आधी तुला लिहावं.

आता शब्द सुटला, तर सांगते. तुझं दुसरं पत्र आलं, तांबड्या-पांढऱ्याचं, ते मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, एकतर समितीला खरं सांगा, नाहीतर मी ताईकडे जाते आणि परत येत नाही. त्यांनी काही दिवस काढले. मग एका सकाळी दाढी करून बाहेर आले आणि म्हणाले, 'सांगतो. पण तिला आधी कळवू नकोस. कळवलं तर ती कुपी माझ्या कबुलीची किंमत होईल. मला तिच्याशी सौदा करायचा नाही. पाठवली नाही तरी मी सांगणारच.' मी शब्द दिला. तुला खोटं लिहावं लागलं नाही, नुसतं गप्प राहावं लागलं, पण तेच जड गेलं.

मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, दार मात्र उघडं होतं. हे उभे राहिले आणि बसलेच नाहीत. म्हणाले, 'हे यीस्ट माझं नाही, माझ्या मेहुणीचं आहे. पेशी थांबते हे आधी तिने पाहिलं. ती आईच्या आजारपणात घरी गेली तेव्हा मी तिच्या ताटल्या उचलल्या, आणि चोरी कळू नये म्हणून यीस्टचं कूळ खोटं लिहिलं. म्हणून लोकांना ते दिसत नाही. शोध खरा आहे आणि तो तिचा आहे.' आवाज चढला नाही की पडला नाही. ताई, आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना एवढं सरळ बोलताना ऐकलं नव्हतं. रागही आला, की हे इतकं सोपं होतं तर.

समितीच्या अध्यक्ष एक बाई आहेत, पांढरे केस, तुझ्यासारख्याच कडक. त्यांनी विचारलं, 'पुरावा?'

हे म्हणाले, 'तिने पाठवलेली कुपी. तिचं अक्षर, तिचं मेण. लावून पाहा. तांबडं उगवेल. माझं यीस्ट कधीच तांबडं नव्हतं.'

'आणि नाही उगवलं तर?'

'उगवेल. ती कुप्यांच्या बाबतीत चुकत नाही.'

बाई म्हणाल्या, 'नाही उगवलं तर हा शोध कोणाच्याच नावावर राहणार नाही, तुमच्या नाही आणि त्यांच्याही नाही. मूळ यीस्टच नसेल तर नसलेल्या गोष्टीचं श्रेय आम्ही वाटू शकत नाही.' हे म्हणाले, 'मान्य.' मग त्यांनी सगळ्यांसमोर मेण फोडलं, ताटल्यांवर लावलं आणि खोलीला कुलूप घातलं.

ह्यांची नोकरी जाणार, ते ठरलंच आहे. जाऊ दे. आम्ही दोन खोल्यांची जागा बघतो आहोत. पण अध्यक्षबाई बाहेर येऊन माझ्याजवळ बसल्या आणि तुझ्याबद्दल विचारत राहिल्या, कुठे असते, काय करते, पुन्हा प्रयोगशाळेत यायला तयार होईल का. मी सांगितलं, पावाच्या यीस्टच्या कारखान्यात आहे आणि तिथे आजवर एकही घाणा बिघडलेला नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तांबडं उगवलं की निबंध तुझ्या नावाने पुन्हा छापायला लावतील, आणि त्याची मुद्रितं मी तपासायला हरकत नाही. तुझं नाव मी स्वतःच्या हाताने वाचून पास करणार, ताई. तेवढं मला करू दे.

एक काम आहे. अशा प्रकरणात दोन वेगळ्या कुप्या, दोन वेगळ्या ठिकाणी लावून पाहायची त्यांची रीत आहे. त्यांनी विचारलं, बहिणीकडे आणखी एखादी असेल का? मी तुला न विचारताच हो म्हणून आले. म्हटलं, माझी ताई एकच कुपी ठेवणारी बाई नव्हे. तेव्हा ती बर्फात घालून तूच घेऊन ये, ह्या वेळी ड्रायव्हरजवळ देऊ नकोस. मी स्टेशनवर येते.

तुझी,
धाकटी